अप्रीतीचा अर्थ : राजद्रोहाच्या खटल्यांतील मराठी लेखाचे वाचन

मराठी टीकेचा इतिहास लिहिताना ग्रंथपरीक्षणे, प्रस्तावना, संमेलनांतील अध्यक्षीय भाषणे आणि नियतकालिकांतील वाद एवढ्यांचाच विचार सामान्यतः केला जातो. परंतु १८९७ ते १९१६ या वीस वर्षांत मराठी लेखांचे अत्यंत बारकाईने वाचन आणखी एका ठिकाणी होत होते. तेथे एकेका शब्दावर तासन् तास वाद चाले, कोश पुढे केले जात. लेखकाचा हेतू, वाचकावरील परिणाम, संदर्भ, उपमा आणि ध्वनी यांचा खल होई, आणि त्या वाचनाच्या निष्कर्षावर एका माणसाच्या सहा वर्षांच्या आयुष्याचा निकाल लागे. ते ठिकाण म्हणजे मुंबईचे उच्च न्यायालय होय. या खटल्यांचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. न्यायालय हे वाचक या नात्याने कसे वागले, त्याने अर्थ लावण्याची कोणती पद्धत स्वीकारली आणि त्या पद्धतीचा नागरिकाच्या बोलण्याच्या अधिकाराशी काय संबंध पोचतो, हा प्रश्न मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसा हाती घेतलेला नाही.

भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम १८७० साली घालण्यात आले. त्यातील कळीच्या इंग्रजी शब्दासाठी मराठी कायदेग्रंथांत 'अप्रीती' हा प्रतिशब्द रूढ आहे. भाषांतरकाराने हा शब्द योजताना व्याकरणाचा किती विचार केला असेल ते सांगवत नाही. पण सगळा वाद या शब्दाच्या आरंभीच्या 'अ'मध्ये साठवलेला आहे. संस्कृत वैयाकरणांनी नञ्-चे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, तदन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. 'अज्ञान' म्हणजे ज्ञान नसणे, येथे अभाव आहे. 'अधर्म' म्हणजे नुसते धर्म नसणे नव्हे, तर धर्माच्या उलट असलेले काही, येथे विरोध आहे. मग 'अप्रीती' ही अज्ञानाच्या जातीची मानायची की अधर्माच्या? पहिला अर्थ घेतला, तर ज्याला सरकारविषयी प्रेम वाटत नाही आणि जो तसे लिहून दाखवितो तो प्रत्येक जण गुन्हेगार ठरतो. दुसरा घेतला, तर सरकारविरुद्ध वैर उत्पन्न करण्याचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. दंडसंहितेच्या पंडितांनी हा प्रश्न या परिभाषेत कधी मांडला नाही. तथापि इंग्रजीत ते भांडत होते ते याच प्रश्नाविषयी.

१८९१ साली कलकत्त्यास 'बंगवासी' पत्रावरील खटल्यात मुख्य न्यायाधीश पेथरॅम यांनी प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा अर्थ ज्यूरीपुढे ठेवला. तो विरोधार्थ होता. १८९७ च्या सप्टेंबरात टिळकांवरील पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले, की या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा आहे. आणि त्याच दमात त्यांनी द्वेष, शत्रुत्व, तिरस्कार, अवमान अशा सर्व प्रकारच्या दुर्भावांची यादी जोडली. तर्कदृष्ट्या हे विधान सदोष आहे. अभावाच्या पोटात द्वेष बसत नाही. ज्याच्याजवळ पैसा नाही तो कर्जबाजारी असतोच असे नाही. परंतु या सदोषपणामुळेच ती व्याख्या सरकारला सोयीची झाली. पुरावा अभावापुरता असला तरी तो पुरे, आणि शिक्षा मात्र द्वेषाची, असा व्यवहार तिच्यामुळे शक्य झाला. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपीय होते आणि त्यांनी टिळकांना दोषी ठरविले; तिघे हिंदी होते आणि त्यांनी निर्दोषी म्हटले. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

ज्या मजकुरावर हा खटला उभा होता तो पाहिला म्हणजे वाचनाचा प्रश्न स्पष्ट होतो. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवराज्याभिषेकोत्सवाची हकीकत आली होती. तिच्यात अफझुलखानाच्या वधाची चर्चा करणारी भाषणे होती, आणि भवानी तलवारीच्या नावाने सही केलेली, शिवाजीमहाराजांच्या उद्गारांची एक कविता होती. महाराज झोपेतून उठून पाहतात तो देशाची दशा पालटलेली आहे अशी तिची कल्पना आहे. काव्य म्हणून तिची योग्यता बेताचीच. त्या काळच्या उत्सवी पद्यांत शोभेल इतकीच तिची रचना आहे, आणि टिळकांच्या चाहत्यांनी तिला पुढे जे महत्त्व दिले ते खटल्यामुळे दिले. परंतु तिचा आशय बघण्याजोगा आहे. लक्ष्मी परदेशी गेली, दुष्काळ पडला, रोगराई आली, गाई मारल्या जातात, आगगाडीच्या डब्यांत स्त्रियांची विटंबना होते, अशी ती वस्तुतः गाऱ्हाण्यांची यादी आहे. मराठी वाचकाला ही रीत परकी नव्हती. गेलेल्या थोर पुरुषाला आजची अवस्था दाखवायची आणि त्याच्या तोंडून खेद वदवायचा, हा भाट-शाहिरांपासून चालत आलेला प्रघात आहे. सरकारी बाजूने या यादीकडे दुर्लक्ष केले आणि बोलणारा कोण आहे इकडे बोट दाखविले. शिवाजी बोलतो, शिवाजीने खानाला मारले, आणि २२ जूनला रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, असा तो अन्वय होता. रँडच्या वधाशी टिळकांचा संबंध असल्याचा आरोप खटल्यात नव्हता; परंतु लेखाला अर्थ देणारा संदर्भ म्हणून तो वध न्यायालयात आरंभापासून शेवटपर्यंत हजर होता. लेख आधीचा आणि घटना नंतरची. तरी घटनेच्या उजेडात लेख वाचला गेला.

गाऱ्हाण्यांचे काय झाले? येथे कायद्याच्या रचनेकडे लक्ष दिले पाहिजे. अब्रुनुकसानीच्या कायद्यात सत्य हा बचाव आहे : केलेला आरोप खरा असून तो लोकहितासाठी केला असे दाखविता आले तर लेखक सुटतो. १८८२ साली कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात आगरकर आणि टिळक यांना शिक्षा झाली ती, ज्या पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला ती बनावट निघाली म्हणून. त्यांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हा निकाल कठोर होता, पण त्यात निदान आरोपाच्या खरेखोटेपणाला काही स्थान होते. राजद्रोहाच्या कलमात तेही नाही. पुण्यात मार्च ते मे १८९७ या महिन्यांत गोऱ्या सैनिकांनी प्लेगच्या तपासणीसाठी घरोघर शिरून काय केले, याची चौकशी १२४-अ खाली होऊच शकत नव्हती. सैनिकांचे वर्तन खरे की खोटे हा प्रश्न तेथे उद्भवत नसे. त्या वर्तनाविषयी लिहिल्याने सरकारवरची प्रीती कमी झाली की नाही एवढाच प्रश्न होता. ज्याची चौकशी व्हावी तो फिर्यादी बनतो आणि ज्याने चौकशी मागितली तो आरोपी, ही स्थिती कोणा एका न्यायाधीशाच्या वक्रदृष्टीमुळे आलेली नाही; ती कलमाच्या शब्दांतच आहे.

मग आरोप सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग कोणता होता? गोखल्यांनी तो करून पाहिला. त्या वेळी ते विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांनी तेथे जाहीरपणे सांगितले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. माहिती देणाऱ्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते, आणि त्या धास्तीच्या दिवसांत पुढे येऊन साक्ष देण्यास कोणी धजेना. ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली आणि त्यासाठी पुण्यात त्यांची पुष्कळ निर्भर्त्सना झाली. त्या माफीच्या नीतिमत्तेविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे गोखल्यांवर अन्याय करणारे आहे. सिद्ध न होणारा आरोप मागे घेणे ही भीरुता नव्हे. परंतु माफीची चर्चा करणाऱ्यांनी दुसरी बाजू पाहिली नाही. ज्या सत्तेविरुद्ध तक्रार आहे तिच्याच हाती साक्षीदारांचे भवितव्य असताना पुराव्याची मागणी करणे आणि स्वतंत्र चौकशी मात्र न नेमणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कोणताही आरोप निराधार ठरतो. प्लेगच्या व्यवस्थेत एका मुलीला मिळालेल्या वागणुकीविषयी त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले होते. रमाबाई ख्रिस्ती होत्या, 'केसरी'च्या पक्षाशी त्यांचे हाडवैर होते, आणि सरकारविषयी अप्रीती पसरविण्याचे त्यांना काही कारण नव्हते. तेही पत्र सरकारने निराधार म्हणूनच बाजूला सारले.

१८९७ सालीच दुसरा एक खटला उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे आला. टिळकांच्या खटल्याच्या मानाने तो विस्मृतीत गेला आहे, पण प्रस्तुत दृष्टीने तो अधिक बोधक आहे. इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्राने कॅनडा देश स्वतंत्र होण्याची तयारी करीत आहे अशा आशयाचा लेख छापला. साताऱ्याच्या न्यायालयाने जबर शिक्षा दिल्या. उच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून त्या पुष्कळ कमी केल्या. लेखात कॅनडा आहे, हिंदुस्थानविषयी जे सांगायचे ते वाचकाने ताडायचे आहे. अन्योक्ती हा अलंकार ज्यांना शाळेत शिकविला जातो त्या वाचकांसाठी हे लेखन होते. न्यायमूर्तींत रानडे होते. मराठी सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिणारा, मराठीतील प्रकाशित पुस्तकांचे आढावे घेणारा आणि ग्रंथकारांचे संमेलन भरविणारा हा वाचक होता. त्याला अन्योक्ती समजावून द्यावी लागत नव्हती. दोष कायम ठेवण्यास त्यांनी संमती दिली, पण स्वतंत्र निकालपत्र लिहून व्याख्येपुरते अंतर राखले. त्यांच्या मते अप्रीती म्हणजे प्रेमाचा किंवा सदिच्छेचा नुसता अभाव नव्हे. ती सत्तेविषयीची निश्चित अशी तिटकाऱ्याची भावना असून अवज्ञेकडे आणि निष्ठाभंगाकडे झुकलेली असली पाहिजे. म्हणजे नञ्-चा विरोधार्थ रानड्यांनी उचलून धरला. त्यांच्या सहकाऱ्यांनीही 'प्रीतीचा अभाव' ही स्ट्रेचींची शब्दरचना जशीच्या तशी घेतली नाही. तरीही आरोपी सुटले नाहीत. व्याख्या उदार आणि निकाल अनुदार, अशी ही जोडी आहे. आणि रानड्यांच्या चरित्रकारांनी हा निकाल चटकन ओलांडून जावा यात आश्चर्य नाही.

१८९८ च्या दुरुस्तीने कलमात द्वेष व अवमान हे शब्द आले आणि व्याख्येचा वाद वरवर मिटला. १९०८ साली वाद भाषांतराकडे वळला. 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) हे दोन लेख न्यायालयापुढे इंग्रजी भाषांतराच्या रूपाने आले. मराठी जाणणारे ज्यूरर असावेत अशी मागणी बॅ. बॅप्टिस्टा यांनी आरंभीच केली होती. ती नाकारली जाऊन सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थांची खास ज्यूरी बसली. न्यायाधीश दावर यांनी ११ वर्षांपूर्वी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता, ही गोष्ट जाता जाता नमूद करण्यासारखी आहे. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि ते २१ तासांहून अधिक बोलले. त्या भाषणाचा बराच भाग शब्दार्थाच्या चर्चेने व्यापलेला आहे. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी, कोशांचे आधार, राजकीय विचार मांडण्यासाठी मराठीत शब्दभांडार अजून घडत आहे हा मुद्दा, आणि अँग्लो-इंडियन पत्रांशी चाललेल्या वादाचा संदर्भ सोडून हे लेख वाचता येणार नाहीत हा आग्रह, अशी त्याची मांडणी आहे. राजकीय वक्तृत्वाचा नमुना म्हणून त्याची स्तुती होते. पाठचिकित्सेचा नमुना म्हणूनही तो वाचला जावा.

या लेखांची केवळ शीर्षके घेतली तरी भाषांतरात काय हरपते ते ध्यानात येईल. 'दुर्दैव' या शब्दात दैव आहे. मराठी वाचकाच्या कानाला तो शब्द कोणावर आरोप करीत नाही, तो हळहळतो. मुझफ्फरपूरच्या बाँबमध्ये दोन निरपराध स्त्रिया मेल्या त्या प्रसंगाला हा शब्द लावल्यामुळे लेखाचा पहिला स्वर शोकाचा लागतो, आणि कारणमीमांसा त्यानंतर येते. 'टिकाऊ' हा शब्द तर घरगुती व्यवहारातला. कापड टिकाऊ असते, भांडे टिकाऊ असते. लेप लावून बुजविलेली भेग टिकाऊ नसते. 'उपाय' वैद्यकातून आलेला आहे. सरकारच्या ८ जूनच्या दोन कायद्यांना 'उपाय' म्हणणे म्हणजे रोग आहे हे मान्य करून वैद्याच्या निदानाशी मतभेद दाखविणे. शत्रू अशी भाषा बोलत नाही, शेजारी बोलतो. इंग्रजीत हे दोन्ही शब्द आपल्या घरगुतीपणातून बाहेर पडतात आणि शासनाला दिलेला इशारा, किंबहुना धमकी, असा त्यांचा सूर लागतो. अर्थात टिळकांचे लेख निरुपद्रवी होते असे यावरून म्हणावयाचे नाही. जुलूम आणि प्रतिकार यांचा कार्यकारणसंबंध त्यांनी ज्या थंडपणाने उलगडला आहे त्यात धार आहे, आणि ती हेतुपुरस्सर आहे. पण कारण सांगणे आणि चिथावणी देणे यांत भेद आहे, आणि तो भेद वाक्याच्या रचनेतून, सुरातून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो यातूनच ओळखावा लागतो. ज्या नऊ जणांनी तो ओळखायचा होता त्यांच्यापुढे मूळ भाषा नव्हती. सात विरुद्ध दोन अशा मताने निर्णय झाला; सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा, आणि प्रत्यक्षात मंडालेचा तुरुंग.

यावरून मराठी जाणणारा न्यायाधीश असता तर सर्व ठीक झाले असते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. १९०९ साली गणेश दामोदर सावरकरांच्या कवितांवरील अपील न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे आले. चंदावरकर मराठी उत्तम जाणत. प्रार्थनासमाजाचे ते पुढारी होते. देवदैत्यांच्या कथा आणि शिवकाल यांच्या आडून कवी वर्तमानाविषयी बोलत आहे, आणि शस्त्रावाचून स्वातंत्र्य नाही हे त्याचे सांगणे आहे, असा अर्थ त्यांनी लावला. काव्यार्थ म्हणून हे वाचन चुकीचे नव्हते. कवितेचा ध्वनी त्यांना नेमका ऐकू आला. पण ध्वनी ऐकू येणे ही एक गोष्ट आणि त्या ध्वनीवरून राजाविरुद्ध युद्धास साह्य केल्याचा गुन्हा सिद्ध धरून जन्मठेप कायम करणे ही दुसरी. चांगला रसिक हा चांगला न्यायाधीश असतोच असे नाही. काव्य जितके समर्थ तितका कवी दोषी, असा विपरीत न्याय या वाचनातून उत्पन्न होतो.

'कीचकवध' नाटकाच्या बाबतीत तर न्यायाधीशाचीही गरज पडली नाही. खाडिलकरांचे हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. १९१० साली सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याखाली त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत असा अन्वयार्थ अँग्लो-इंडियन मंडळींनीच तपशीलवार लावला. महाभारतातले कथानक जसेच्या तसे ठेवणाऱ्या नाटकावर बंदी घालावयाची, तर कीचकाच्या जागी आपण आहोत हे सरकारला प्रथम कबूल करावे लागते. ती कबुली सरकारने दिली, आणि खाडिलकरांच्या नाट्यतंत्राला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळाले नसेल.

१९१६ चा प्रसंग सर्वांत कमी चर्चिला गेला, वास्तविक तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बेळगाव आणि अहमदनगर येथील होमरूलच्या भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले. या भाषणांची मुख्य युक्ती वेदान्तातून घेतलेली आहे. सरकार दोन प्रकारचे : एक अदृश्य, निर्गुण ब्रह्मासारखे, ज्याच्याविषयी तक्रार नाही, दुसरे दृश्य, पोलीस शिपायापासून सेक्रेटरीपर्यंत डोळ्यांना दिसणारे, आणि हे दुसरे बदलता येते, बदलले पाहिजे. कीर्तनाला बसणारा श्रोता हा भेद सहज समजू शके. शिवाय कायद्यातील 'सरकार' या शब्दाची फोड त्यात आपोआप होते. नोकरशाहीवरची टीका म्हणजे राज्यावरची अप्रीती नव्हे, हा युक्तिवाद जिनांनी उच्च न्यायालयात कायद्याच्या भाषेत मांडला. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. बॅचलर यांचे सूत्र असे, की भाषण समग्र वाचले पाहिजे, उदार दृष्टीने वाचले पाहिजे, एखाद्या सुट्या वाक्याला अवास्तव वजन देता कामा नये. कायदा तोच होता, वक्ता तोच होता, न्यायालय तेच होते. वाचण्याची रीत बदलली आणि माणूस सुटला.

बॅचलर यांच्या रीतीला पुढे अखंड परंपरा लाभली नाही. १९४२ साली फेडरल न्यायालयाने सार्वजनिक शांततेच्या भंगाची प्रवृत्ती हे राजद्रोहाचे मर्म मानले. १९४७ साली मुंबईहून गेलेल्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते मत खोडून स्ट्रेचींची परंपरा पुन्हा प्रतिष्ठित केली. १९६२ साली केदारनाथ सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम कायम ठेवले, पण हिंसेची चिथावणी किंवा अव्यवस्था माजविण्याचा कल असलेल्या लेखनापुरते ते आकुंचित केले. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने या कलमाखालील कारवाई स्थगित ठेवण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात अप्रीती हा शब्द नाही. कलम १५२ मध्ये फुटीरपणा, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया आणि फुटीर कारवायांच्या भावना यांना उत्तेजन देणे हा गुन्हा आहे. यांतील 'विध्वंसक कारवाया' कशास म्हणावयाचे याची व्याख्या संहितेत दिलेली नाही. 'भावना' हा शब्दही उरला आहे, आणि भावना उत्पन्न झाली की नाही हे लेख वाचूनच ठरवावे लागणार. स्ट्रेची आणि रानडे यांच्यातला मतभेद या नव्या शब्दांभोवती नव्याने उभा राहू शकतो.

या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : खटला चालला. १८९७ च्या जुलैत, टिळकांना अटक झाली त्याच सुमारास, पुण्याचे सरदार नातू बंधू यांनाही धरण्यात आले. सैनिकांच्या वर्तनाविषयी अधिकाऱ्यांकडे तक्रारी नेणाऱ्यांत हे घराणे होते. त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली, चौकशीवाचून, त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि १८९९ पर्यंत ती स्थानबद्धता चालू होती. टिळकांच्या खटल्यात निदान वाचायला एक मजकूर होता, त्याच्या अर्थाविषयी वाद घालता येत होता, तीन ज्यूरर वेगळे मत देऊ शकले. १९०८ च्या खटल्याचा तर समग्र वृत्तान्त न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी ग्रंथरूपाने छापला, म्हणून आज त्यातील शब्दार्थचर्चा अभ्यासता येते. नातूंच्या प्रकरणात खुल्या न्यायालयापुढे वाचला जावा असा आरोपाचा कागदच नव्हता. रेग्युलेशनने तो मागितला नव्हता.